चालू लेखनाला आधार देणारा पुरस्कार ठाण्यात हवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे ठाणे आणि नवी मुंबईतल्या साहित्यसंस्थांचे पुरस्कार जाहीर होऊ लागतात. त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर वाचताना एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे. यांतले बहुतेक पुरस्कार लिहून, छापून, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला मिळतात, किंवा ज्यांचे मुख्य लेखन मागे पडले आहे अशा ज्येष्ठांचा गौरव म्हणून दिले जातात. ज्याची चार-पाच पुस्तके वाचकांनी नावाजली आहेत, जो आज पन्नाशी-साठीत आहे आणि ज्याच्या टेबलावर या घडीला एक मोठे काम अर्धवट पडले आहे, त्या लेखकाला ते काम तडीस नेण्यापुरता वेळ आणि घरखर्च भागेल एवढे पैसे देणारा पुरस्कार आपल्या भागात माझ्या पाहण्यात नाही. असा पुरस्कार सुरू व्हावा आणि तो ठाण्यातून सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेखकाला मिळणारी मदत आज दोन टोकांना आहे आणि मधला पट्टा मोकळा आहे. पहिले पुस्तक काढू पाहणाऱ्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. साहित्य अकादमीने २०११ पासून तरुण लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला असून त्याची रक्कम ५०,००० रुपये आहे. दुसऱ्या टोकाला राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार आहे, आणि नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार आहे, जो १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांपासून सुरू झाला आणि एक वर्षाआड दिला जातो. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार १ लाख रुपयांचा, पण तोही ठरावीक काळात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकालाच. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले : वि. स. खांडेकर यांना १९७४ चे, कुसुमाग्रजांना १९८७ चे, विंदा करंदीकरांना २००३ चे आणि भालचंद्र नेमाडे यांना २०१४ चे. चौघांनीही तेव्हा पंचाहत्तरी गाठली किंवा ओलांडली होती. या साऱ्या सन्मानांबद्दल मला आदर आहे आणि त्यांतला एकही कमी करावा, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पहिल्या पुस्तकापासून जीवनगौरवापर्यंतचा जो तीस-चाळीस वर्षांचा काळ असतो, ज्यात लेखकाची खरी ताकदीची पुस्तके व्हायची असतात, त्या काळात त्याला विचारणारे कोणी नाही. माझ्या म्हणण्याच्या सर्वांत जवळ येते ती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची सीनियर फेलोशिप, दरमहा २०,००० रुपयांची, दोन वर्षांसाठी. परंतु ती देशभरातल्या साऱ्या भाषांना आणि नृत्य, नाट्य, संगीत, चित्रकला या सगळ्यांना मिळून आहे, आणि तिचा ओढा संशोधनप्रकल्पाकडे आहे. कादंबरीचे पुनर्लेखन करत बसलेल्या बदलापूरच्या किंवा कोपरखैरण्याच्या लेखकापर्यंत ती पोहोचेल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

पुस्तकाच्या विक्रीतून लेखकाचे भागत असेल असा समज असणाऱ्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. चारशे रुपये किमतीच्या पुस्तकाची एक हजार प्रतींची आवृत्ती निघाली, दहा टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) ठरले आणि शेवटची प्रत खपेपर्यंतचे सारे पैसे प्रकाशकाने चोख दिले, तर लेखकाच्या हाती ४०,००० रुपये पडतात. आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षे लागणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि अनेक चांगल्या पुस्तकांच्या हजार प्रतीही काढल्या जात नाहीत. त्या पुस्तकाच्या लेखनाला पाच वर्षे लागली असतील, तर महिन्याला सातशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. म्हणून मराठीतला लेखक नोकरी करतो आणि उरल्या वेळात लिहितो. नोकरी नसेल तर तो लेखणीनेच दुसरी कामे करतो, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे जास्त नुकसान तिथे होते, कारण ही कामे लेखनाचीच शक्ती खर्च करतात.

माझे आयुष्य मुद्रितशोधनात गेले. छापखान्यांतून आणि प्रकाशनसंस्थांतून येणाऱ्या प्रुफांबरोबर मुद्रणप्रत तपासण्याचेही काम माझ्याकडे असे, त्यामुळे पुस्तक होण्याआधीचे पुस्तक मी फार जवळून पाहिले आहे. त्यांतले एक काम मला इथे सांगितलेच पाहिजे. कळव्याला राहणाऱ्या, दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह नावावर असलेल्या एका लेखकाने खाडीकाठच्या मिठागरांवरची आपली नवी कादंबरी माझ्याकडे पाहायला दिली होती. एका बाजूने वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत मजकूर, आणि समासात तांबड्या शाईने नोंदी : कोणत्या तिथीला भरती किती वाजता लागते, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांत बांधावर पाणी कुठवर येते, खाजणातल्या कोणत्या तुकड्याला लोक काय नाव देतात. एका पानाच्या समासात एकाच क्रियापदाची चार रूपे लिहून त्यांतली तीन खोडली होती आणि पुढे लिहिले होते, ‘आजीला पुन्हा विचारणे.’ ही आजी दिव्याकडच्या एका पाड्यातली, लहानपणी मिठागरावर राबलेली बाई होती. अशी अकरा प्रकरणे माझ्याकडे आली. एरवी चूक शोधण्यासाठीच वाचणारी मी, त्या प्रकरणांत कित्येकदा पेन्सिल हातात धरून नुसतीच वाचत राहिले होते.

बारावे प्रकरण आले नाही. लेखकाची नोकरी एका लहानशा खासगी संस्थेतली होती आणि ती सुटल्यावर त्यांनी जी कामे घेतली ती अशी : एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, दोन गृहनिर्माण संस्थांचे इतिहास, वार्षिक अहवालांचे भाषांतर, आणि काही काळ एका मालिकेचे संवाद, जे रोज संध्याकाळपर्यंत पाठवावे लागत. मी त्यांना कधी आळस करताना पाहिले नाही. रात्री अकरानंतर ते कादंबरी उघडत, पण दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये जुळवून आलेल्या माणसाला त्या वेळी आपले वाक्य सापडत नसे, असे त्यांनीच मला सांगितले. दरम्यान ती आजी वारली. तिला पुन्हा विचारायचे ते विचारून झाले नव्हते. त्या शब्दाची कोणती रूपे खरी, हे सांगणारे दुसरे माणूस त्यांना अजून मिळालेले नाही.

या प्रसंगाकडे एका लेखकाची अडचण म्हणून पाहू नये. मिठागरे, खाजणे, शिलोत्री, आगरी-कोळ्यांची बोली, पालघर-डहाणूकडची वारली गावे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या चाळी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाने जमिनी घेतल्यावर गावठाणात उरलेली घरे, हे सारे आपल्या डोळ्यांदेखत बदलले आणि ते आठवणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. सिडकोची स्थापना १९७० ची. त्या वेळी पंचवीस वर्षांचा असलेला शेतकरी आज ऐंशी ओलांडून पुढे गेला आहे. त्याच्याकडून ऐकून घ्यायचे आणि त्याचे साहित्य करायचे, तर ते काम नवख्याचे नव्हे. त्यासाठी भाषेवर हुकमत आलेला, चार पुस्तके लिहून हात बसलेला लेखक लागतो, आणि त्याला हे काम दहा वर्षांनी करून चालत नाही. वर्तमानपत्रे आणि अहवाल यांतून घटनांची नोंद राहील. त्या माणसांचे बोलणे आणि मन राहणार नाही.

मोठे काम वेळ घेते याचे उदाहरण शोधायला ठाण्याबाहेर जावे लागत नाही. इथल्याच विनायक लक्ष्मण भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास प्रथम लिहिला तो १८९८-९९ च्या सुमारास, ‘ग्रंथमाला’ मासिकातून. त्यानंतर ते थांबले नाहीत. जुन्या पोथ्या जमवल्या, जुनी कविता छापण्यासाठी मासिक चालवले, महानुभावांचे सांकेतिक लिपीतले वाङ्मय अभ्यासले, आणि मग १९१९ मध्ये त्या ग्रंथाची मोठी, वाढवलेली आवृत्ती काढली. पहिले लेखन प्रसिद्ध होऊन नाव झाल्यानंतरच्या वीस वर्षांचे हे काम आहे, आणि वाङ्मयेतिहासात आपण ज्या ग्रंथाचे नाव घेतो तो या दुसऱ्या टप्प्यातला. भाव्यांच्या घरी मिठाचा व्यवसाय होता, म्हणून त्यांना हे साधले. आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ २०१० मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत त्यांनी समीक्षा आणि कविता लिहिली आणि विद्यापीठात अध्यापन केले. घरचा व्यवसाय किंवा विद्यापीठाचे वेतन, यांपैकी एक पाठीशी असले की मराठीत दीर्घ पल्ल्याचे पुस्तक होते, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते. ज्यांच्या पाठीशी दोन्ही नाही त्यांची पुस्तके आपल्याला माहीत नसतात, कारण ती झालेलीच नसतात.

दुसरीकडे हा विचार प्रत्यक्षात आलेला आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात, लंडनच्या प्रकाशनव्यवहारापासून दूर, न्यू रायटिंग नॉर्थ नावाची संस्था १९९६ पासून काम करते आणि २००० पासून त्या प्रदेशातल्या लेखकांच्या पूर्ण न झालेल्या लेखनासाठी पुरस्कार देते. त्याच भागात नॉर्दर्न रॉक फाउंडेशनने नाव झालेल्या लेखकांसाठी ६०,००० पौंडांचा पुरस्कार सुरू केला होता. ही रक्कम एकदम न देता तीन वर्षांत विभागून दिली जाई, म्हणजे लेखकाला तीन वर्षे निर्धास्तपणे लिहिता यावे. २००२ मध्ये तो पहिल्यांदा कवयित्री ॲन स्टीव्हन्सन यांना मिळाला. त्या तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या आणि त्यानंतरही त्यांचे नवे संग्रह येत राहिले. मला या योजनेतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तो पुरस्कार त्या प्रदेशात राहणाऱ्यालाच होता, त्यामुळे राजधानीत ओळखी नसलेल्या लेखकाला न्याय मिळाला. दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. त्या फाउंडेशनचा पैसा नॉर्दर्न रॉक बँकेच्या नफ्यातून येत होता. सप्टेंबर २००७ मध्ये त्या बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, फेब्रुवारी २००८ मध्ये तिचे सरकारीकरण झाले, आणि पुढे काही वर्षांनी फाउंडेशनही बंद झाले. आपल्याकडे असा पुरस्कार सुरू करताना तो एकाच दात्याच्या भरभराटीवर उभा असू नये, हा धडा आपण आधीच घ्यायला हवा.

आता प्रत्यक्ष रूप. ठाणे आणि पालघर हे दोन जिल्हे, म्हणजे २०१४ च्या विभाजनापूर्वीचा अखंड ठाणे जिल्हा, आणि त्याला लागून पनवेल-उरण, एवढा प्रदेश पुरस्काराच्या कक्षेत असावा. या प्रदेशात निदान दहा वर्षे राहणारा, किमान तीन प्रसिद्ध पुस्तके असलेला आणि नवे पुस्तक प्रत्यक्ष लिहीत असलेला लेखक किंवा लेखिका त्यासाठी पात्र असावी. कादंबरी, कविता, नाटक यांच्याइतकेच चरित्र, समीक्षा, अनुवाद, लोकसाहित्याचे संकलन आणि बोलीचा कोश यांनाही त्यात स्थान हवे. मराठीत कोशाचे आणि संकलनाचे काम करणाऱ्यांची पुरस्काराच्या वेळी हटकून आठवण राहत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दर दोन वर्षांनी एकच निवड व्हावी आणि त्या व्यक्तीला चोवीस महिने दरमहा ३०,००० रुपये थेट बँक खात्यात मिळावेत. एकूण ७,२०,००० रुपये होतात. ही रक्कम एकरकमी देऊ नये, हा माझा आग्रह आहे. एकदम आलेले पैसे घराचे हप्ते, मुलांची फी, आजारपण यांत स्वाभाविकपणे जातात आणि लेखकाला तिसऱ्या महिन्यात पुन्हा स्मरणिकेचे काम घ्यावे लागते. दर महिन्याच्या एक तारखेला येणारी रक्कम त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देते, आणि लेखकाला खरी गरज त्या बळाची असते.

सोबत शक्य असेल तर एका ग्रंथालयाने एक टेबल, एक कुलूपबंद कपाट आणि संदर्भविभागात मुक्त प्रवेश द्यावा. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांत राहून लिहिणाऱ्या लेखिकेला पैशाइतकेच त्या टेबलाचे मोल आहे.

निवडीची पद्धत नीट ठरवली नाही तर सगळा बेत वाया जाईल. आज बहुतेक पुरस्कारांसाठी लेखकाने किंवा प्रकाशकाने पुस्तकाच्या चार-पाच प्रती प्रवेशिकेसह पाठवायच्या असतात, आणि अनेक चांगले लेखक संकोचाने त्या पाठवतच नाहीत. इथे शिफारस करण्याचा अधिकार ग्रंथपाल, शिक्षक, प्रकाशक आणि मागील मानकरी यांनाही असावा, आणि ज्याला स्वतः अर्ज करायचा आहे त्याच्यासाठी चालू लेखनाची तीस पाने आणि कामाचा एक पानी आराखडा पुरेसा मानावा. परीक्षक तीन असावेत, त्यांतले किमान दोघे या प्रदेशाबाहेरचे असावेत, दर वेळी ते बदलावेत आणि त्यांची नावे आधीच जाहीर व्हावीत. संयोजक संस्थांचे पदाधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय पात्र नसावेत. निवडीची कारणे परीक्षकांनी आपल्या सहीने लिहून प्रसिद्ध करावीत. ‘एकमताने निवड करण्यात आली’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये. लेखकाने घ्यायचे बंधन मात्र कमीत कमी असावे. पुस्तकाचा विषय, प्रकाशक, अर्पणपत्रिका यांत निधी देणाऱ्याचा शब्द नसावा, हक्क पूर्णपणे लेखकाचा राहावा, आणि वर्षातून एकदा ग्रंथालयाच्या सभागृहात लेखकाने चालू कामातली काही पाने वाचून दाखवावीत, एवढेच मागावे.

हा पुरस्कार शासनाने द्यावा, असे कोणी सुचवतील. मला तसे वाटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार रद्द केला आणि निवड करणारी समितीही बरखास्त केली, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. पूर्ण झालेल्या पुस्तकाच्या बाबतीत असे होऊ शकते, तर अर्ध्या लिहिलेल्या पुस्तकाचा लेखक दर महिन्याच्या हप्त्यासाठी कोणत्याही कार्यालयावर अवलंबून असता कामा नये. महापालिकांनी मदत जरूर करावी, ठाणे महापालिका जनकवी पी. सावळाराम यांच्या नावाने पुरस्कार देतेच. पण या कामासाठी त्यांचे साहाय्य निधीत एकदा रक्कम देण्यापुरते असावे आणि निवडीत त्यांचा प्रतिनिधी नसावा. कारभार स्वतंत्र नोंदणीकृत न्यासाकडे असावा, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या इथल्या शाखा व नवी मुंबईतल्या साहित्यसंस्था यांनी मिळून तो उभा करावा, अशी माझी सूचना आहे. ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ ची, आणि ती करण्यात पुढाकार होता तो याच भाव्यांचा. सव्वाशेहून अधिक वर्षे मराठी पुस्तके जतन करणाऱ्या या संस्थेने पुढची पुस्तके लिहिली जावीत यासाठीही पुढे यावे, असे वाटणे गैर ठरू नये.

पैशाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. दर दोन वर्षांना ७,२०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये. सात टक्के व्याज धरले तर त्यासाठी सुमारे ५१-५२ लाखांची ठेव लागेल. परीक्षकांचे मानधन, हिशेबतपासणी आणि महागाई यांची तरतूद करून ६० लाखांचा कायम निधी धरावा. घोडबंदर रोडवरच्या एका लहान सदनिकेच्या किमतीपेक्षा हे फार वेगळे नाही. कायम निधी हा वर्गणी आणि देणग्यांतूनच जमवावा लागेल, कारण कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा, ज्याला आपण सीएसआर म्हणतो, २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही. मात्र कला आणि संस्कृती हा कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातला मान्य विषय आहे, तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या एखाद्या वर्षाचा खर्च उचलू शकतात, आणि तोपर्यंत ठेवीवरचे व्याज निधीत वाढत राहील. कोणत्याही एका देणगीदाराची रक्कम निधीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावी, असा नियम घटनेतच घालावा. पुरस्काराची रक्कम करमुक्त व्हावी यासाठी केंद्र सरकारच्या मान्यतेचा अर्ज सुरुवातीलाच करावा. हे काम मागे पडले की हप्त्यांतून कर कापून जातो आणि लेखकाला वर्षअखेरीस सल्लागार गाठावा लागतो.

नवोदितांना सोडून ज्यांचे नाव झाले त्यांनाच पुन्हा का द्यायचे, असा आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक असेल. नवोदितांसाठीच्या योजना वर सांगितल्या आहेत आणि त्या वाढाव्यात, हेच माझेही मत आहे. पण नाव झाले म्हणजे उत्पन्न झाले, असे आपल्याकडे नाही. उलट नाव झालेल्या लेखकाकडे लोक विनामूल्य भाषण, विनामूल्य प्रस्तावना, विनामूल्य परीक्षण मागतात, आणि त्याचा उरला वेळही नेतात. पहिले पुस्तक बहुतेकांचे आतल्या ऊर्मीवर होते; चौथे-पाचवे पुस्तक, ज्यात लेखक स्वतःची वाट बदलू पाहतो, ते मात्र सवड आणि स्वस्थता यांशिवाय होत नाही, हे मी हस्तलिखितांत पाहिले आहे. पुस्तक पूर्ण झालेच नाही तर काय, हा दुसरा आक्षेप. तसे कधी कधी होईल. माझ्या मते अशा वेळी पैसे परत मागू नयेत आणि मुदतीत काहीतरी उरकून द्या, असेही म्हणू नये. लिहिलेली पाने आणि टिपणे, लेखकाची इच्छा असल्यास, ग्रंथालयात जतन करावीत. ज्यांची तीन पुस्तके समोर आहेत अशांचीच निवड करायची असल्यामुळे हा धोका मर्यादित राहील, आणि तो पत्करल्याशिवाय चालू लेखनाला आधार देताच येणार नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये झाले. त्या संमेलनांसाठी या शहराने किती तळमळीने पैसा आणि माणसे उभी केली, हे जुन्या ठाणेकरांना ठाऊक आहे. तीन दिवसांच्या मंडपासाठी जे जमते ते चोवीस महिन्यांच्या लेखनासाठी जमणार नाही, असे मानायला मी तयार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून भाषेसाठी काय करावे, याची चर्चा ठिकठिकाणी सुरू आहे, आणि बहुतेक सूचना प्राचीन ग्रंथांच्या जतनाच्या आहेत. त्या योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला आज लिहिल्या जात असलेल्या ग्रंथांचाही विचार व्हावा.

वर उल्लेखलेल्या संस्थांपैकी कोणीही या विषयावर प्राथमिक बैठक बोलावली, तर न्यासाच्या घटनेचा आणि निवडनियमांचा कच्चा मसुदा लिहून आणण्याचे काम मी करीन, आणि निधीच्या पहिल्या वर्गणीदारांत माझे नाव घालावे. बैठकीला लेखकांबरोबर एक सनदी लेखापाल आणि सार्वजनिक न्यासांचे काम जाणणारा एक वकील असावा, म्हणजे पहिल्याच दिवशी आकडे आणि कायदा दोन्ही टेबलावर येतील. आपल्या दैनिकाने या विषयावर इतर वाचकांची, विशेषतः ज्यांचे काम आज अर्धवट पडले आहे अशा लेखकांची पत्रे मागवावीत, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
चरई, ठाणे (पश्चिम)